हसुरामदादांचा तिसरा फिल्टर

"घ्या मॅडम, हा तिसरा," हसुराम तांडेल म्हणाले आणि त्यांनी फिल्टर माझ्या हातात दिला. दिला कसला, आपटलाच.

फिल्टर म्हणजे इंजिनाची गाळणी. टाकीतलं इंधन तिच्यातून गाळून पुढे पंपाकडे जातं. ही गाळणी तपकिरी, चिकट थराने माखली होती. बोट लावून ओढलं की पाकासारखी तार निघत होती. सकाळपासून बोटीचं इंजिन तीनदा बंद पडलं होतं. आधी चाळीस मिनिटांनी, मग वीस मिनिटांनी, मग दहाच मिनिटांत. बोट अजून जेटीला बांधलेलीच होती. मासेमारीची पावसाळी बंदी उठायला पाच दिवस राहिले होते, आणि जेटीवर जमलेला निम्मा कोळीवाडा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काहीतरी किरकोळ असेल दादा," मी म्हणाले.

"किरकोळ?" त्यांचा आवाज चढला. "सात माणसं असतान बोटीवर. इंजिन भायेर बंद पडला तर कोन येनार? तुमी?"

गेले दोन महिने हा माणूस मला "बाय" म्हणत होता. आज पहिल्यांदा मॅडम म्हणाला होता. ते मला फिल्टरपेक्षा जास्त लागलं.

मी एका बायोडिझेलच्या कारखान्यात लॅब इन्चार्ज आहे. कारखाना उरणपासून फार लांब नाही. माझं माहेरही तिथलंच, वडील मिठागरावर कामाला होते. माझं काम एवढंच की कारखान्यातून निघणारी प्रत्येक बॅच तपासायची आणि कागदावर सही करायची. माझ्या सहीशिवाय ड्रम बाहेर पडत नाही. हसुरामदादांच्या टाकीत जे होतं, त्याच्या कागदावरही माझीच सही होती.

बायोडिझेल म्हणजे काय हे मी आधी सांगते, नाहीतर पुढची माझी फजिती कळायची नाही. पोर्टवर सोयाबीनचं कच्चं तेल जहाजाने येतं आणि मोठाल्या टाक्यांत उतरतं. टाकीच्या तळाशी राहिलेलं तेल खाण्यालायक नसतं. ते आम्ही घेतो. शिवाय राज्यातल्या सोयाबीनच्या रिफायनऱ्यांकडून नाकारलेला मालही येतो. तेल गाळायचं, त्यातलं पाणी उडवायचं, साठ अंशांच्या आसपास तापवायचं आणि त्यात मिथेनॉल आणि थोडा पोटॅश घालून ढवळत राहायचं. मग ढवळणं बंद करून थांबायचं. हळूहळू दोन थर होतात. खाली बसतं ते ग्लिसरीन, वर राहतं ते बायोडिझेल. वरचं काढून पाण्याने धुवायचं, सुकवायचं, तपासायचं. झालं इंधन.

हसुरामदादांना मी हे त्यांच्या पडवीत बसून समजावलं होतं. ते जाळं विणत होते.

"दादा, तेलाचा एक कण म्हणजे एक गळ समजा. त्याला तीन मासे लागलेत. गळ म्हणजे ग्लिसरीन. जड असतं, त्याच्यामुळे तेल घट्ट राहतं. इंजिनात तसंच घातलं तर काजळी धरते. मिथेनॉल काय करतं, तीन मासे गळावरून सोडवून घेतं. ते तीन मासे म्हणजे बायोडिझेल."

"आन गळ?"

"खाली बसतो. साबणवाला घेऊन जातो."

"म्हंजे वाया काय जात न्हाय," ते म्हणाले. त्यांना ते पटलं होतं. मच्छीचं डोकं, काटा, पाणी, काहीही वाया न घालवणाऱ्या माणसाला ते पटणारच.

पण ते तयार झाले ते धुरामुळे. हसुरामदादा बोटीचे मालक आणि तांडेलही, म्हणजे बोट चालवणारे तेच. त्यांच्या केबिनच्या मागेच धुराचं नळकांडं. वारा उलटा असला की सगळा धूर तोंडावर. त्यांचे डोळे बारा महिने लाल असतात. त्यांची बायको पारूवैनी म्हणाली होती, "दर्यावरशी येतान तवा खोकल्याचा आवाज आधी येतो, मानूस मागशी." सोयाबीनच्या बायोडिझेलचा धूर कमी असतो, काजळी कमी असते, डोळ्यांना कमी झोंबतो. पंपाला वंगणही चांगलं मिळतं. खाडीत सांडलं तर डिझेलपेक्षा खूप लवकर कुजून जातं. आणि सहजासहजी पेट घेत नाही. हे सगळं खरं आहे. मी विकणारी बाई नाही, तपासणारी आहे, म्हणून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कोळीवाड्यातली एकच बोट ट्रायलला मिळाली, ती अशी.

ट्रायल शंभर टक्के बायोडिझेलवर करायची हा हट्ट आमच्या मॅनेजरांचा, पराडकर साहेबांचा. मी वीस टक्के म्हणत होते, उरलेलं ऐंशी साधं डिझेल. "शंभर टक्के म्हटलं की ऐकायला बरं वाटतं," ते म्हणाले. ऐकायला बरं वाटतं म्हणून मी गप्प बसले, याचा मला अजून राग येतो.

फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी लॅबमध्ये आले. प्रत्येक बॅचची एक बाटली आम्ही सील करून कपाटात ठेवतो. भांडण झालं की ती बाटली आमची साक्षीदार. ती काढली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. पाणी किती, आम्ल किती, ग्लिसरीन उरलंय का. एक सोपी चाचणी आहे. सत्तावीस भाग मिथेनॉलमध्ये तीन भाग बायोडिझेल घालून हलवायचं. सगळं विरघळलं तर रूपांतर पूर्ण झालं. तळाशी तेलाचे थेंब बसले तर माल कच्चा आहे. मी नळी उजेडात धरून बघत राहिले. तळाशी काही बसेना. खरं सांगते, एखादा थेंब बसला असता तर मला बरं वाटलं असतं. निदान चूक कुठे आहे ते तरी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जेटीवर. आता बाटलीतलं नव्हे, त्यांच्याकडच्या ड्रममधलं इंधन तपासायचं होतं. वाटेत कोणी काही मिसळलं असेल, पाणी गेलं असेल. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत निम्मं बायोडिझेल, निम्मं पाणी घालून मी जोरात हलवलं आणि बाटली कठड्यावर ठेवली. अर्ध्या तासात दोन्ही स्वच्छ वेगळे झाले तर माल धुतलेला आहे. मध्ये साबणासारखा पांढरा थर राहिला तर नाही.

तो अर्धा तास मी जेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. मला बसवेना. शेजारच्या बोटींवर जाळी चढत होती, बर्फाच्या खणांची धुलाई चालली होती, कोणी इंजिन सुरू करून बघत होतं. सगळ्यांची इंजिनं सुरू होती. एकच बंद होतं.

"बसा की मॅडम," हसुरामदादा म्हणाले. "तुमच्या फिरन्यानं ती बाटली काय लवकर पिकनार न्हाय."

बाटली स्वच्छ निघाली. खाली पाणी, वर सोनेरी बायोडिझेल, मध्ये रेघ आखल्यासारखी हद्द. मी ती सगळ्यांना दाखवली. इंजिन बंद असलेल्या माणसाला बाटली किती स्वच्छ आहे त्याचं काय?

तेवढ्यात पराडकर साहेबांचा फोन आला.

"काय निघालं?"

"माल चांगला आहे सर."

"मग झालं तर. रिपोर्टमध्ये लिहा, टाकीतलं जुनं डिझेल खराब होतं."

"जुनं डिझेल नव्हतंच सर. टाकी रिकामी करून भरलीय. मी स्वतः टॉर्च मारून बघितली होती. आत आरशासारखी चकचकीत होती."

"मग काय होतं?"

"ते अजून कळलं नाही."

"कळलं नाही असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही मॅडम."

मी फोन ठेवला. हसुरामदादा ऐकत होते. त्यांनी फक्त विचारलं, "चार दिस ऱ्हायलं. आमी काय करू ता सांगा."

मला लाज वाटली. मी स्कूटर काढून लॅबकडे निघाले.

आता एकच गोष्ट तपासायची राहिली होती, ती फिल्टरवरची घाण. आमच्याकडे घाण तपासण्याची पद्धत नाही, इंधन तपासण्याची आहे. मी तो चिकट थर चमच्याने खरवडून दोन काचेच्या पेल्यांत घातला. एकात साधं डिझेल ओतलं, दुसऱ्यात आमचं बायोडिझेल. दोन्ही कोमट पाण्यात ठेवले आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. तासाभराने बघते तर डिझेलच्या पेल्यात गोळा होता तसाच. बायोडिझेलच्या पेल्यात तो पसरला होता आणि इंधन चहासारखं लाल झालं होतं. म्हणजे ही घाण आमच्या इंधनातून आली नव्हती. ती आधीच कुठेतरी होती, आणि आमच्या इंधनाने ती सोडवून आणली होती.

पण कुठून?

तेवढ्यात सुषमा आत आली. सुषमा माझी सहकारी, पक्की शाकाहारी. दारातच थांबली, नाकाला रुमाल लावला.

"मॅडम, डब्यात मासे आणलेत का? आणि ते असे गरम करताय?"

"कसले मासे?"

"अहो, केवढा वास येतोय."

मी पेला नाकाशी धरला. मला काही जाणवेना. पुन्हा हुंगला. लहानपणापासून सुकी मच्छी खाल्लेल्या माझ्या नाकाला तो वास म्हणजे वास वाटतच नव्हता. जेटीवर तर सगळ्याच वस्तूंना माशांचा वास, तिथे एका फिल्टरचा वेगळा वास कोणाला येणार? पण सुषमाने पेल्याकडे बोट दाखवलं आणि ती खिडक्या उघडायला धावली.

त्या क्षणी मला ती चकचकीत टाकी डोळ्यांसमोर दिसली. लोखंडी टाकी, तीही खाऱ्या हवेतली, चकचकीत असायचं कारणच काय?

स्कूटर काढली. रस्त्यावर पोर्टकडे निघालेल्या कंटेनर ट्रेलरची रांग लागली होती, एकाच्या मागे एक. मी त्यांच्यामधून वाट काढत, हॉर्न वाजवत, तोंडाने शिव्या देत गेले. पडवीत हसुरामदादा आणि पारूवैनी दोघंही होती. मी चप्पलही काढली नाही.

"दादा, पावसाळ्यात टाकी रिकामी केली की आतून काय लावता?"

"लावायचा काय? तेल लावतू."

"कसलं?"

"तारलीचा. बापूस मोरी मच्छीचा लावायचा. आता मोरी कंच्या भावात आन कुठं भेटते? म्हून तारलीचा."

"कधीपासून?"

"बोट बांधली तवापासून. टाकी रिकामी झाली की फडका बुडवायचा आन आतून सगला पुसून काढायचा. गंज येत न्हाय."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी कवा इचारला?"

खरं होतं. माझ्या फॉर्मवर एकवीस प्रश्न होते. टाकी कशाची, किती जुनी, गळते का, पाणी साचतं का. आतून माशाचं तेल लावता का, हा प्रश्न नव्हता. तो फॉर्म ट्रक आणि जनरेटरसाठी केलेला. ट्रकच्या टाकीला कोण तारलीचं तेल लावतं? मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. हसावं की रडावं कळेना.

मग त्यांना समजावलं. माशाचं तेल हवेत वाळलं की त्याचा पातळ पापुद्रा होतो, रंगासारखा. दर पावसाळ्यात एक हात, असे पंधरा-सोळा थर त्या टाकीवर चढले होते. डिझेल त्यांना हात लावत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं. बायोडिझेल स्वतःच तेलापासून झालेलं, ते जुने चिकट थर विरघळवतं. इंजिनाच्या आत हा गुणच आहे, काजळी धरू देत नाही. या टाकीत त्याच गुणाने घात केला.

"म्हंजे तुमचा तेल भांडी घासतय," पारूवैनी म्हणाली.

"हो."

"मंग काडून टाका. डिझेल भरू परत," हसुरामदादा म्हणाले.

"नाही चालणार दादा. थर अर्धवट सुटलाय. आता डिझेल भरलं तरी बाहेर लाटांवर टाकी हलेल, पापुद्रे पडतील आणि नळीत अडकतील."

चांगली चाललेली बोट आम्ही नवीन इंधनावरही चालणार नाही आणि जुन्यावरही नाही अशी करून ठेवली होती. आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती मी त्यांना सांगितली, कारण लपवण्यात अर्थ नव्हता. माझ्या म्हणण्याप्रमाणे वीस टक्के भरलं असतं तर थर हळूहळू सुटला असता. जेटीवर काही कळलं नसतं. आठव्या-दहाव्या फेरीला भर समुद्रात इंजिन बंद पडलं असतं. पारूवैनीने हातातलं काम खाली ठेवलं आणि ती बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली.

"मंग आता?" तिने विचारलं.

"जे घासतंय, त्यालाच पूर्ण घासू द्यायचं," मी म्हणाले. "टाकी बायोडिझेलनेच धुवायची."

पराडकर साहेबांना फोन लावला.

"आणखी दोन ड्रम? टाकी धुवायला? इंधनाने?"

"हो सर."

"मॅडम, ट्रायल बंद करा. त्यांना म्हणावं डिझेलवर जा."

"डिझेलवरही ती बोट जाणार नाही आता. आपण तिची टाकी अर्धवट सोलून ठेवलीय."

"आपण?"

"आपणच. शंभर टक्के तुम्ही म्हणालात आणि सही मी केली. ड्रम मी माझ्या सहीने काढतेय."

ते म्हणाले, "तुमच्या रिटायरमेंटला किती वर्षं राहिली?"

"चार."

"काढा ड्रम."

पुढचे दोन दिवस मी लॅबचं तोंड पाहिलं नाही. इंधन गरम असलं की थर लवकर सुटतो. पारूवैनी थेट चूल पेटवायला निघाली होती. बायोडिझेल सहज पेटत नाही, त्याची वाफ पेटायला शंभर अंशांच्या बरंच वर जावं लागतं, डिझेलची त्याच्या कितीतरी आधी पेटते. हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. पण टाकीच्या कानाकोपऱ्यात जुनं डिझेल असू शकतं, म्हणून मी चूल लांब घरामागे मांडायला लावली. तिथून उकळतं पाणी घमेल्यांत आणायचं आणि त्यात डबे ठेवून इंधन कोमट करायचं. मग टाकीत ओतायचं, तासभर राहू द्यायचं. खलाशांपैकी दोघांचे हात लांब होते. त्यांनी हातमोजे घालून, झाकणातून खांद्यापर्यंत हात घालून काथ्याच्या बोळ्यांनी आतून घासलं. बाहेर येणारं इंधन आधी काळं, मग तपकिरी, मग लालसर. ते सगळं रिकाम्या ड्रममध्ये भरून मी कारखान्यात परत पाठवलं. खाडीत एक थेंब सोडू दिला नाही.

मी मध्ये मध्ये टॉर्च मारून बघायचे आणि म्हणायचे, "अजून."

"किती अजून?" खलाशी वैतागायचे.

"अजून."

इंधनाची रबरी नळीही काढून टाकली. साधं रबर बायोडिझेलमध्ये फुगतं. ती आधीच बोटाने दाबली की मऊ लागत होती. त्या जागी दुसऱ्या जातीची, न फुगणारी नळी बसवली. ते तरी माझ्या फॉर्मवर होतं, पण "नळी कशाची?" या प्रश्नाला मी "रबर" असं उत्तर लिहून पुढे गेले होते. ही माझी दुसरी चूक.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीचं लोखंड दिसलं. करडं, स्वच्छ, एकही खड्डा नाही. वेल्डिंगची रेघ नवीन असावी तशी. हसुरामदादांनी आत हात घालून सगळीकडे फिरवला.

"गंज न्हाय बग," ते बायकोला म्हणाले. "बापाचा तेल खोटा नव्हता."

"नव्हताच दादा," मी म्हणाले.

बंदी उठायच्या आदल्या दिवशी टाकी भरली. वीस टक्के बायोडिझेल, ऐंशी टक्के डिझेल. शंभर टक्के हा शब्द कोणी काढला नाही. चौथा फिल्टर बसवला आणि बोट खाडीत दोन तास फिरवली. मी बोटीवर गेले नाही, जेटीवर उभी राहून कान देऊन ऐकत होते. वळणाआड गेली की आवाज बंद व्हायचा आणि मी जेटीच्या टोकाकडे चालू लागायचे. परत आल्यावर फिल्टर उघडला. चार-पाच तपकिरी ठिपके होते. पुसून तोच परत बसवला. हसुरामदादांनी नवे तीन फिल्टर बरोबर घेतले. मी म्हणाले, "सहा घ्या."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली आणि बोटी एकामागून एक निघाल्या. धुराचे लोट उठत होते. हसुरामदादांच्या बोटीचा धूर त्यांत शोधावा लागत होता. एरवी मी हे रिपोर्टमध्ये आनंदाने लिहिलं असतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की त्या बोटीवर सात माणसं आहेत.

पुढचे चार दिवस माझ्यासारखी बाई घरात असू नये. भाजी करपली, नवऱ्यावर कारण नसताना ओरडले, लॅबमध्ये एक नळी फोडली. तिसऱ्या दिवशी एक बोट लवकर परत आली. तिच्या खलाशाने पारूवैनीला सांगितलं, "हसुरामदादांची बोट दिसली. उभी होती." उभी म्हणजे जाळं ओढायला उभी की बंद पडून उभी, ते त्याला सांगता येईना. लांबून पाहिली होती. पारूवैनीचा मला फोन आला. तिने दुसरं काही विचारलं नाही. म्हणाली, "तुमाला सांगून ठेवते." मी दिवसभर हसुरामदादांचा नंबर लावत राहिले. रेंज कुठली लागायला?

पाचव्या दिवशी सकाळी बोट जेटीला लागली. मी धावत गेले. हसुरामदादा माझ्याकडे बघेनात. आधी टोपल्या उतरवल्या, मग बर्फ, मग पापलेटं वेगळी काढली, मग कोणाशी तरी वाद घातला. मी तिथेच तिष्ठत उभी. मला वाटलं, आता काही खरं नाही.

सगळं आटपल्यावर ते केबिनमध्ये गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले.

"घे बाय," ते म्हणाले. "हा चवथा. बदलावाच न्हाय लागला."

मी कागद उलगडला. फिल्टर होता, घरातल्या चहाच्या गाळणीइतका पिवळट. बाकीचे सहा न उघडता परत आले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं नव्हतं, कारण धूर कमीच होता.

"एक तक्रार हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "धुराला भज्याचा वास येतो. खलाशांना दिसभर भूक लागते."

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. लाल होतेच, पण नेहमीपेक्षा कमी. खोकला पूर्वीसारखाच होता. मी रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलं.

"पन बाय," ते म्हणाले, "पुढच्या पावसाला टाकीला काय लावू?"

बायोडिझेल भरून ठेवा म्हणावं तर ते महिनोन्महिने टिकत नाही, हवेतलं पाणी ओढतं. तारलीचं तेल लावलं तर पुन्हा घासायचं. मी खरं ते सांगितलं, की विचारून सांगते. मग रंगाच्या एका जाणकाराला गाठलं. बायोडिझेलला न सुटणारा इपॉक्सीचा लेप त्याने सुचवला. तो टाकीला दिलाय. त्यांच्या बापाच्या तेलाइतका टिकतो का, ते पंधरा-सोळा पावसाळ्यांनंतर कळेल. तोवर मी छातीठोकपणे काही बोलत नाही.

फॉर्मवर आता बावीस प्रश्न आहेत. बाविसावा मी स्वतः टाइप केला, "टाकी रिकामी असताना आतून काय लावता?" पराडकर साहेब वाचून हसले, पण खोडला नाही.

मागच्या महिन्यात दुसरी बोट ट्रायलला आली. मालकाला बाविसावा प्रश्न विचारला. "काय पन लावत न्हाय," तो ठामपणे म्हणाला. मागे उभी असलेली त्याची बायको खाडीकडे बघायला लागली. मी टॉर्च मारली. टाकी आरशासारखी चकचकीत होती.

आता मी बोटीवर एकटी जात नाही. माझ्या नाकाचा भरवसा नाही, म्हणून सुषमाला बरोबर नेते. तिने नाकावरचा रुमाल दूर केला, झाकणावर वाकली आणि लगेच मागे सरली.

"मॅडम," ती म्हणाली, "घासायला लागेल."